वरच्या खिशातला बिल्ला

शिरपूरच्या बाहेर चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाईदास शेठांची जिनिंग आहे. कापसाच्या हंगामात तिथे सकाळी सात वाजता जे चालतं ते आसपासच्या दुसऱ्या कुठल्या जिनिंगमध्ये बघायला मिळत नाही. फाटकाशी लाकडी स्टुलावर रुपचंद नाना बसलेले असतात. आत येणारी प्रत्येक बाई त्यांच्यासमोर थांबते आणि अंगावर किती पिना आहेत ते सांगते. साडीला दोन, ब्लाउजला एक, केसांत चार. नाना पाटीवर तिच्या नावापुढे खडूने सात लिहितात. संध्याकाळी बाहेर पडताना सातच भरल्या पाहिजेत. पुरुषांच्या पिना नसतात, त्यांनी सदऱ्याचा वरचा खिसा उलटा करून दाखवायचा. पेन, बिडीबंडल, मोबाइल, जे काय असेल ते फाटकावरच्या खोक्यात.

त्यानंतर फेरी. चौदा जण हाताच्या अंतरावर एका रांगेत उभे राहतात आणि माना खाली घालून यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जातात. प्रत्येकाचा आपला पट्टा ठरलेला. सापडलेलं उचलायचं आणि नानांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. बैलाच्या नालेचा खिळा, तारेचा तुकडा, बाटलीचं बूच, खडी, गुटख्याची पुडी. नव्या बाईला पहिल्या दिवशी हसू येतं. मग कोणीतरी तिला एकोणनव्वद साली कुठल्याशा जिनिंगमध्ये लागलेल्या आगीची गोष्ट सांगतं आणि ती गप्प होते. कापसात खिळा गेला की तो सरकी वेगळी काढणाऱ्या जिनाच्या सुरीवर आपटतो, ठिणगी पडते, आणि ती ठिणगी रुईत शिरली की लगेच दिसतही नाही. गाठ बांधून गोदामात जाते आणि आतल्या आत चार-चार दिवस धुमसत राहते.

ही फेरी नानांनी जहाजावरून आणली होती.

अठराव्या वर्षी ते नौदलात भरती झाले आणि पुढची बरीच वर्षं विक्रांतवर होते. आता नवी विक्रांत आहे, तिच्यावर नव्हे, जुन्या विक्रांतवर. काम उड्डाणाच्या डेकवर, विमानं ढकलायचं, लावायचं, साखळ्यांनी बांधायचं. शिरपूर तालुक्यातल्या पोराने तोवर तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. गावी सुट्टीवर आलं की लोक विचारत, जहाजावरून विमान उडतं म्हणजे कसं? नाना खाटेवर काडेपेटी ठेवून दाखवत. डेकमध्ये लांब चीर असते, तिच्याखाली वाफेचा दट्ट्या. विमान त्या दट्ट्याला अडकवायचं आणि वाफ सोडायची. दोन-तीन श्वासांत विमान समुद्रावर. परत येताना शेपटीचा आकडा डेकवरच्या आडव्या तारेत अडकायचा आणि विमान जागच्या जागी थांबायचं. हे सांगताना नाना टिचकी मारून काडेपेटी उडवत आणि ती कुणाच्या तरी चहात पडे.

पण त्यांच्या मनात खोलवर राहिली ती वाफ नव्हे. राहिली ती पहाटेची रांग. उड्डाणं सुरू होण्याआधी सगळ्यांनी डेकच्या रुंदीभर उभं राहून टोकापर्यंत चालत जायचं आणि एकूण एक स्क्रू, खडा, रंगाचा पोपडा वेचायचा. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं. दोन रुपयांचा स्क्रू इंजिन फोडू शकतो. म्हणून डेकवर वरचा खिसा मोकळा, टोपी हातात, हत्यारं मोजून घेतलेली आणि मोजून परत केलेली. आणि एक नियम असा की काही हरवलं तर त्याच क्षणी सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

त्र्याऐंशी साली नाना पेन्शन घेऊन परतले आणि पुढच्या हंगामात भाईदास शेठांकडे यार्डावर लागले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शेठांना फेरीचं सांगितलं. शेठ म्हणाले, वीस मिनिटं जातील. नाना म्हणाले, जातील. शेठांनी विचार केला आणि हो म्हटलं. त्याला आता एक्केचाळीस हंगाम झाले. शेठ गेले, त्यांचा मुलगा हितेंद्र गादीवर बसला. नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली. बाकीची कामं एकेक करून त्यांच्याकडून गेली, आवकेची, वजनकाट्याची, गाठी लावायची. फेरी राहिली. फेरीसाठी ते सकाळी साडेसहाला घरून निघत, आणि कमलबाई म्हणत की हा माणूस अजून ड्युटीवरच आहे, फक्त बोट बदलली.

या दिवाळीत हितेंद्रने नवीन सरकता पट्टा बसवला. कापूस त्या पट्ट्यावरून आत जातो आणि वाटेत चुंबकाच्या रुळाखालून सरकतो. लोखंड असेल तर रूळ ते धरून ठेवतो. हितेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याने नानांना चहा पाजून, समोर बसवून सांगितलं की डिसेंबरअखेर फेरी आणि चुंबक दोन्ही चालू ठेवू. चुंबकाच्या हातून सुटेल असं काही फेरीत सापडतंय का ते बघू. नसेल सापडत तर एक जानेवारीपासून फेरी बंद. चौदा माणसांची वीस मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत.

नानांनी मान हलवली. फेरी बंद म्हणजे त्यांना फाटकातून आत यायचं कारणच उरत नव्हतं, हे हितेंद्रही बोलला नाही आणि तेही बोलले नाहीत.

याहून अडचणीची एक गोष्ट होती, ती नानांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. सूर्याकडे तोंड केलं की सगळं दुधात बुडाल्यासारखं व्हायचं. पाटीवर ते आकडे लिहीत ते सवयीने. रांगेत त्यांचा पट्टा मधला, डावीकडे पुष्पाबाई, उजवीकडे कुंदाबाई. दिवाळीपासून त्यांच्या पट्ट्यात त्यांना काही म्हणता काही सापडलं नव्हतं. ते स्वतःची समजूत घालत की यार्डच आता स्वच्छ राहायला लागलं आहे.

नात ऋतिकाने मात्र ओळखलं. ती शिरपूरलाच फार्मसी शिकते. एका रविवारी तिने मोबाइलवर नव्या विक्रांतचा व्हिडिओ लावला आणि तो नानांच्या हातात दिला. नाना बराच वेळ फोन जवळ-लांब करत राहिले. वाफ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ऋतिका म्हणाली, वाफेने फेकणं या जहाजावर नाहीच. डेकचं पुढचं टोकच घसरगुंडीसारखं वर उचललेलं आहे, विमान आपल्या जोरावर धावतं आणि वर निघतं. तारा मात्र आहेत, उतरताना आकडा तारेतच अडकतो. जहाज जुन्यापेक्षा पन्नास मीटर लांब. नाना ऐकत होते. वाफ नाही हे त्यांना बरं वाटलं नाही. जुन्या डेकवर त्या चिरेतून पहाटे वाफेचे धागे निघत आणि पायाला ऊब लागे. नव्या पोरांना ते कधी कळणार नव्हतं.

मग ऋतिकाने व्हिडिओ पुढे सरकवला आणि म्हणाली, "हे बघा नाना, तुमची फेरी."

डेकवर आडवी रांग चालत होती. नानांना आधी पांढरट धुकं दिसलं, मग त्या धुक्यात हलणारी एक पट्टी. ते हसले. अजून चालतात म्हणाले. किती वेळ ते त्या पट्टीकडे बघत राहिले.

"किती जण आहेत रांगेत?" ऋतिकाने विचारलं.

"असतील तीस-चाळीस."

"जर्किन कुठल्या रंगाचं आहे?"

नानांनी फोन तिच्या हातात दिला आणि कमलबाईंना चहा टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऋतिकाने धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. मोतीबिंदू असेल, अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाली. नाना म्हणाले, हंगाम संपू दे. त्यांच्या डोक्यात एकतीस डिसेंबर होता. चश्म्याला हिरवी पट्टी लावून माणूस फेरीत उभा राहिला तर हितेंद्रला वेगळं कारण शोधायची गरजच पडणार नव्हती.

ते घडलं सतरा डिसेंबरला, बुधवारी.

फेरी संपली, माणसं आपापल्या कामाला पांगली आणि नानांचा हात सवयीने सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

त्या खिशात एक पितळी बिल्ला असायचा. रुपयापेक्षा थोडा मोठा, गोल, वर भोक, मधे ठोकलेला सतरा आकडा. जहाजात नळांच्या चाव्यांवर असे बिल्ले टांगलेले असतात, कुठली चावी कुठल्या नळाची ते कळायला. जुनी विक्रांत मुंबईला तोडायला काढली तेव्हा नाना एकटेच गाडीत बसून बघायला गेले होते. आत कोणी सोडलं नाही. बाहेर चहाच्या टपरीवर तोडकामावरचा एक माणूस भेटला. म्हातारा जहाजावरचा आहे हे कळल्यावर त्याने खिशातून काढून हा बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. तेव्हापासून बिल्ला त्यांच्या वरच्या खिशात. एक्केचाळीस वर्षं सगळ्यांचे खिसे उलटे करून बघणाऱ्याचा खिसा कोण बघणार? स्वतः नानांनीही कधी बघितला नाही. दहा वर्षांत त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

फेरीत ते एकदाच वाकले होते. समोर काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, हाताला लागला चॉकलेटचा कागद. तेव्हाच खिशातून निसटला असणार. खाली कापूस पसरलेला, आवाज कसला येतो.

नाना आपल्या पट्ट्यात परत गेले. पायाने कापूस बाजूला सारून पाहिला, मग गुडघ्यावर बसून हाताने चाचपला. सगळं पांढरं. ऊन समोरून येत होतं. पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्याच्या पुढच्या फावड्याने तो कापूस सरकत्या पट्ट्याच्या दिशेने लोटायला लागला. आठ वाजता जिन सुरू व्हायचे होते.

पितळेची ठिणगी पडत नाही, हे नानांना ठाऊक होतं. पण पितळेने सुरी मोडते, आणि सुरी पोलादाची. तिचा तुकडा जिनाच्या रुळात अडकून घासला की जे व्हायचं ते होतंच. आणि चुंबक पितळेला धरत नाही.

त्यांना अभिमन आठवला. अभिमन चोपड्याकडचा, त्यांच्याबरोबर डेकवर होता. एकदा विमानं उडायच्या तयारीत असताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडची पेन्सिल नाही. बोटभर पेन्सिल. त्याने हात वर केला. सगळं थांबलं. वाफ भरलेली तशीच राहिली, वैमानिक विमानात बसून राहिले आणि शंभर माणसं डेकवर पेन्सिल शोधत फिरली. वीस मिनिटांनी ती अभिमनच्याच बुटात सापडली. सगळे हसले. अधिकारी हसला नाही. तो अभिमनला म्हणाला, उद्या हरवली तर उद्याही सांग.

त्या गोष्टीत नाना नेहमी हसणाऱ्यांतले असत. हात वर करणं अभिमनला तेव्हा किती जड गेलं असेल, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ते उठले आणि ऑफिसकडे चालू लागले. हितेंद्रबरोबर गुजरातचा एक व्यापारी बसला होता. त्याला नवीन पट्टा दाखवायचा बेत होता, टेबलावर नाश्त्याच्या बशा होत्या.

"हितूशेठ, पट्टा चालू करू नका," नाना दारातूनच म्हणाले. "यार्डात पितळेचा बिल्ला पडलाय."

"कोणाचा?"

"माझा."

हितेंद्रला आधी कळलंच नाही. "तुमच्या खिशात होता?"

"वरच्या."

हितेंद्र खुर्चीत मागे टेकला. "मी आठ वर्षांचा होतो नाना. शेठचा पोरगा. तरी फाटकावर तुम्ही माझ्या गोट्या काढून घेतल्या होत्या. त्या मला परत कधी मिळाल्या नाहीत."

"नाही मिळाल्या."

"चुंबक काढील तो बिल्ला."

"पितळ आहे. चुंबक नाही धरणार." पुढचं बोलायला त्यांना दार धरावं लागलं. "अजून एक आहे. तो माझ्याच पट्ट्यात पडलाय, पण मला सापडणार नाही. मला दिसत नाही, हितूशेठ. दिवाळीपासून."

व्यापाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. हितेंद्र उठला. बाहेर येऊन त्याने ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि पट्ट्याचं बटण स्वतः बंद केलं.

माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली. तेरा जण. नाना सवयीने मधल्या जागेकडे निघाले होते, ते थांबले आणि गोदामाच्या ओट्यावर चढून उभे राहिले. पुष्पाबाई आणि कुंदाबाईंनी न सांगता मधली मोकळी जागा भरून काढली. रांग चालू लागली. इतक्या वर्षांत नानांनी फेरी बाहेरून कधी पाहिली नव्हती. त्यांना दिसलं ते पांढरट धुकं आणि त्यात सावकाश सरकणारी एक आडवी पट्टी. परवा ऋतिकाच्या फोनमध्ये दिसलं होतं, अगदी तसंच.

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. मग पुष्पाबाईने रांग मोडली, ट्रॅक्टरने लोटलेल्या ढिगाशी गेली आणि बायकांना ढीग हाताने पसरायला लावला. साडेआठ झाले. व्यापारी बाहेर येऊन उभा होता. हितेंद्र पँटच्या खिशात हात घालून ढिगाकडे बघत होता.

पावणेनऊला पुष्पाबाई ओट्याशी आली आणि तिने बिल्ला नानांच्या तळहातावर ठेवला. तो थंड होता आणि त्याला कापसाचे दोन तंतू चिकटले होते.

"तुमनाच पट्टाना कापूसमा व्हता, नाना," ती म्हणाली. मग तिने बाकीचंही सांगून टाकलं. दिवाळीपासून ती आणि कुंदा नानांचा पट्टा अर्धा-अर्धा वाटून बघत होत्या. जरा तिरकं चालायचं, एवढंच. आज तिचा पाय दुखत होता म्हणून तिची अर्धी बाजू सुटली.

दिवाळीपासून आपला पट्टा स्वच्छ का होता हे नानांना आता कळलं.

"तुम्ही मला सांगायचं होतं," ते म्हणाले. "हरवलं की सांगायचं, हा नियम आहे ना आपला?"

"पिन हारपनी ते सांगा, आसं तुमीनच म्हनेल शे," पुष्पाबाई म्हणाली. "डोया काय आमना हारपनात?"

डोळे नानांचे हरवले होते, सांगायचं नानांनीच होतं. कुंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. नानांनाही हसू आलं, पण ते त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही.

हितेंद्रने बिल्ला मागून घेतला. तो पट्ट्याच्या रुळापाशी गेला आणि त्याने बिल्ला रुळाला टेकवून बोट काढलं. बिल्ला निसटून त्याच्या दुसऱ्या हातात पडला. त्याने पुन्हा तसंच करून पाहिलं. मग मूठभर कापसात गुंडाळून पाहिलं. शेजारी रुळाला सकाळचे दोन खिळे घट्ट चिकटून बसले होते.

"सतरा नंबर कशाचा?" त्याने विचारलं.

"वाफेच्या नळाचा असेल. कुठला ते मला माहीत नाही."

"दहा वर्षं जवळ ठेवला आणि माहीत नाही?"

"मी वर डेकवर होतो. हे खालचं काम."

हितेंद्रने बिल्ला त्यांना परत दिला. व्यापाऱ्याला तो म्हणाला की जिन सव्वानऊला सुरू होतील, तोवर आपण आणखी एक चहा घेऊ. दोन पावलं जाऊन तो वळला. "फेरी या हंगामाला राहू दे. पुढचं पुढे बघू. पण नाना, रांगेत तुम्ही नको."

"तेच सांगायचं राहिलं होतं," नाना म्हणाले.

त्यांनी बिल्ला बोटांत फिरवला. सतराचा खड्डा बोटाला नीट लागत होता. त्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती. वरच्या खिशाकडे हात गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी पत्र्याचा डबा ओढला आणि बिल्ला त्यात टाकला, बैलाच्या नालेच्या खिळ्यांवर. डबा हंगामाच्या शेवटी भंगारात जातो. त्याला अजून तीन महिने होते.

घरी गेल्यावर त्यांनी ऋतिकाला धुळ्याचा दिवस घ्यायला सांगितलं. सोमवार मिळाला. सकाळची सातची बस म्हणजे त्या दिवशी पिना कोण मोजणार, असं कमलबाईंनी विचारलं. पुष्पाबाई मोजेल, नाना म्हणाले, तिला लिहिता येतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते फाटकाशी स्टुलावर बसले, पाटी गुडघ्यावर घेतली. बायका एकेक करून येत होत्या. सहा. सात. पाच. पुष्पाबाई सर्वांत शेवटी आली, सात म्हणाली, पण पुढे सरकली नाही.

"तुमना खिसा दखाडा, नाना," ती म्हणाली.

पुढे गेलेल्या बायका थांबल्या. नानांनी पाटी खाली ठेवली. दोन बोटांनी सदऱ्याच्या वरच्या खिशाचं अस्तर धरून ते बाहेर ओढलं. त्यातून कापसाचा एक चपटा झालेला पुंजका निघाला आणि त्यांच्या मांडीवर पडला. पुष्पाबाईने तो उचलला, डब्यात टाकला आणि पाटी स्वतःकडे ओढून सगळ्यांत खाली नानांचं नाव लिहिलं आणि त्यापुढे शून्य.